लाव्याच्या पोटातला मका

माझा स्वभाव संशयी आहे, आधीच सांगून टाकतो. सफूरा, माझी बायको, म्हणते की मला कुणी जन्नतमधून ताट वाढून पाठवलं तरी मी पहिल्यांदा त्याचा वास घेईन. म्हणू दे. बावीस वर्षं परक्या मुलखात परक्याची चूल सांभाळायची तर वास घ्यावाच लागतो. मटण ताजं आहे का, तूप खरं आहे का, माणूस खरा आहे का, सगळं हुंगूनच घरात घ्यायचं.

रियाधजवळचं अल खर्ज शहर संपून दुधाच्या डेऱ्या आणि लसूणघासाची मोठमोठी गोल शेतं सुरू होतात, तिथे आमच्या कफीलचं, म्हणजे आमचा व्हिसा ज्यांच्या नावावर त्या मालकांचं घर. त्यांचं नाव अबू मिशाल, वय सत्तरीच्या पुढे. आम्ही नोकरमाणसं त्यांना बाबा म्हणतो. मी स्वयंपाकी, सफूरा आतल्या बायकांच्या हाताखाली. आणि तिसरा इस्मत, माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, म्हसळ्याचा. अडतीस वर्षांचा बाप्या, दोन मुलींचा बाप. बाबांची गाडी चालवायची आणि बाबांबरोबर राहायचं, हे त्याचं काम.

त्याला इथे मी आणला. पाच वर्षं झाली. आणला तेव्हा बाबांचा मुलगा मिशाल मला समोर उभा करून म्हणाला होता, "उस्मान, तुझ्या शब्दावर घेतोय. त्याचा गुन्हा तो तुझा गुन्हा." नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं ते. त्याच्या आदल्या वर्षी एका माळ्याने बागेतला पाण्याचा पंप विकला, तेव्हा त्याच्याबरोबर त्याला आणणारा थोरला भाऊही खलास. दोघांची तिकिटं एकाच दिवसाची काढली. त्या थोरल्याने बिचाऱ्याने पंपाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी त्याला दारातून जाताना बघितलाय, हातात उशी घेऊन. मी आज अठ्ठावन्नचा. या घरातून निघालो तर मला पुन्हा कोण ठेवणार?

आता शिकारीचं सांगतो. थंडी पडायला लागली की दर शुक्रवारी मिशाल आणि त्याचे दोस्त हुबाऱ्याच्या मागे जातात. हुबारा म्हणजे आपल्याकडच्या माळढोकाचा धाकटा भाऊ समजा. एका ओळखीच्या माणसाचं कुंपण घातलेलं रान आहे, त्यात पाळून सोडलेले हुबारे असतात, कागदपत्रं सगळी रीतसर. मनगटावर ससाणे घ्यायचे, गाड्या काढायच्या आणि दुपारपर्यंत धूळ खायची. हाताला लागलं तर लागलं, नाहीतर फोटो काढून परत. मोठ्या शिकारीचा भरवसा नसतोच.

म्हणून बाबांची पद्धत होती. ते तरुण होते तेव्हापासून, मोठ्या शिकारीला निघालं तरी छऱ्याची एक बंदूक बरोबर असायचीच, वाटेत उठणाऱ्या लहान पाखरांसाठी. लावे, कवडे, जे मिळेल ते. "हुबारा देव देईल तेव्हा देईल, दुपारचा भात मी देतो," म्हणायचे. गुडघे गेल्यावर त्यांनी ससाण्यांच्या मागे पळणं सोडलं, पण ही पाखरं सोडली नाहीत. मिशालची टोळी रानात घुसली की बाबा रानाच्या कडेला लसूणघासाच्या शेताशी उभे राहायचे. तिथे लावे उतरतात. बाबा बार काढायचे, इस्मत धावायचा. पडलेलं पाखरू जिवंत असेपर्यंत बिस्मिल्ला म्हणून त्याच्या गळ्यावर सुरी फिरवायची, नाहीतर खायला कामाचं नाही. ते धावणं आणि ती सुरी इस्मतकडे. मग तो गरम पाखरू बाबांच्या हातात आणून द्यायचा आणि मोठ्याने ओरडायचा, "माशाल्ला बाबा, काय नेम आहे!" मी तंबूजवळ चुलीवर पाणी ठेवून बसलेला. पाखरं आली की सोलायची आणि भाताच्या पातेल्यात सोडायची. बाबांचे लावे आल्याशिवाय त्या भातावर झाकण पडत नसे. पाहुणे हुबारा विसरायचे, पण बाबांचे लावे विसरायचे नाहीत.

आता माझ्या मनात पाल चुकचुकली ती कशी, ऐका. लाव्यात छरे असतात. किती काढले तरी एखादा राहतोच, खाणाऱ्याच्या दाताखाली येतो. पूर्वी पाहुणे तो छरा ताटाच्या काठावर ठेवून हसायचे, "हा बाबांचा हात!" यंदा हंगाम सुरू होऊन चार शुक्रवार झाले तरी एकाच्याही ताटाच्या काठावर छरा दिसला नाही. मला वाटलं, वा, उस्मान, तुझा हात साफ झालाय. मग वाटलं, छे, माझा हात एवढा साफ कधीच नव्हता.

पाचव्या शुक्रवारी मी लावे सोलताना नीट बघायला लागलो. गळ्यावर सुरीची खूण, बाकी अंगावर एक भोक नाही. पंख धड, छाती धड. बंदुकीने पडलेलं पाखरू असं असतं का? चरबी तर अशी पिवळी आणि जाड की बोटं बुळबुळीत व्हावीत. हजारो मैल उडत आलेल्या पाखराला एवढी चरबी कुठून? मग मी गळ्याखालची दाण्याची पिशवी सुरीच्या टोकाने फोडली. आत मक्याचा भरडा. पिवळा धमक, कोंबड्यांना घालतात तसला. लसूणघासाच्या शेतात मका कुणी पेरला होता?

मी दुसरा फोडला. मका. तिसरा, मका. सगळ्याच्या सगळ्या अकरा लाव्यांच्या पोटात मका.

म्हणजे हे पिंजऱ्यातले लावे होते. शहरात पाखरांच्या दुकानात मिळतात ते.

मी भात शिजवला, वाढला, तोंडातून शब्द काढला नाही. पण डोक्यात चक्र सुरू झालं. बाबा बार काढतात, तो मी कानांनी ऐकतो. पाखरं पडत असणारच, बाबांचा नेम साऱ्या अल खर्जला ठाऊक. मग पडलेली पाखरं जातात कुठे आणि ही पिंजऱ्यातली येतात कुठून? मधे माणूस एकच. इस्मत.

रानातल्या लाव्याला इथे केवढी मागणी आहे! शौकीन माणसं शोधत असतात. हा बाबांची खरी पाखरं लपवून विकतोय आणि त्यांच्या जागी दुकानातली आणून देतोय, एवढं समजायला काही फार शिकायला नको. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि मला ते आता दिसलं होतं.

एकदा संशय आला की माणसाच्या प्रत्येक गोष्टीत तो दिसायला लागतो. इस्मत हल्ली बाबांना सोडतच नव्हता. जिना उतरताना बाबांच्या अर्धं पाऊल पुढे. कॉफीचा पेला समोर ठेवायचा सोडून त्यांच्या तळव्यात नेऊन देणार. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, कोण आलं, की वाकून कानात सांगणार. काय ही मस्केबाजी, मला वाटायचं. म्हाताऱ्याला हातात घेतलंय पठ्ठ्याने, म्हणजे कुणी बोट दाखवलं तरी म्हातारा ऐकणार नाही. बुधवारी मी भाजी आणायला बाजारात गेलो तर पाखरांच्या दुकानातून हा बाहेर पडताना दिसला. हातात भोकं पाडलेलं खोकं. मला बघितलं आणि खोकं पाठीमागे घेतलं. साधा माणूस खोकं लपवतो का?

मी सफूराला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला विचारा ना आधी. तुम्ही मनात खटला चालवता, मनातच फाशी देता."

"विचारतो. आणि खोटं बोलला तर?"

"तुम्ही खरं ऐकायच्या तयारीने विचारा म्हणजे झालं."

बायका असंच बोलतात. पण विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्मत गाडी धूत होता, तिथे गाठला. "काय रे, बाबांचे खरे लावे कुठे जातात?"

नळी त्याच्या हातात तशीच वाहत राहिली. "कसले खरे?"

"मला शेंड्या लावू नकोस. मी पोटं फोडून बघितलीत. मका निघाला."

त्याने नळ बंद केला. घराकडे बघितलं. बाबांची खिडकी उघडी होती. मग हळू आवाजात म्हणाला, "मामू, तुम्ही भात बनवा. पोटं कशाला फोडता?"

"म्हणजे माझा संशय खरा!"

"मी कुणाचं काही घेतलेलं नाही. माझ्या पोरींची कसम. याच्यापुढे विचारू नका, मी सांगणार नाही."

"का सांगणार नाहीस? चोरी नसेल तर सांगायला काय होतं? तुझ्यापायी माझाही इथे राहायचा इकामा जाईल, कळतंय का तुला? माझ्या शब्दावर ठेवलाय तुला!"

"कळतं," तो म्हणाला. "म्हणूनच म्हणतो, डोळे झाका. या हंगामापुरते." आणि पुन्हा गाडी धुवायला लागला. मी तिथे उभा, रागाने कानशिलं तापलेली. डोळे झाका म्हणे! ज्याचे हात स्वच्छ असतात तो दुसऱ्याला डोळे झाकायला सांगत नाही.

त्या शुक्रवारी मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. तंबूमागून बघत होतो. बाबांचा बार झाला, इस्मत पळत झुडपामागे गेला, खाली वाकला, आणि उठला तेव्हा हातात पाखरू. पण त्याच्या जाकिटाच्या आत काहीतरी हलताना मी स्पष्ट बघितलं. कापडी पिशवी होती, आणि तिच्यात जिवंत पाखरं होती. आता आणखी कसला पुरावा हवा?

मी घाबरलो होतो, हेही खरं. रागापेक्षा भीती मोठी होती. आज ना उद्या मिशालला हे दुसऱ्या कुणाकडून कळणार, आणि कळलं की हातात उशी घेऊन दारातून निघायची पाळी माझी. मी स्वतःहून सांगितलं तर निदान मी तरी सुटेन. सफूराला न सांगताच मी शनिवारी, आदल्या दिवशी बाजूला ठेवलेले दोन लावे ताटात घेऊन मजलिसमध्ये गेलो.

मिशाल तिथे होता, आणि कोपऱ्यात आपल्या जागी बाबाही होते, बातम्या ऐकत. मी मिशालसमोर ताट ठेवलं, सुरीने एकेक पिशवी फोडली आणि मका दाखवला. छरा एकही नाही, तेही दाखवलं. बाजारातलं खोकं सांगितलं, जाकिटातली पिशवी सांगितली. शेवटी म्हणालो, "मी याला आणला, म्हणून मीच सांगतोय. मला बोल लावू नका."

मिशालचा चेहरा लाल झाला. पाहुण्यांना शुक्रवारमागून शुक्रवार बापाची शिकार म्हणून दुकानातले लावे खाऊ घातले होते त्याने. बाहेर कळलं असतं तर शोभा झाली असती. त्याने इस्मतला हाक मारली.

इस्मत आला. ताट बघितलं, मका बघितला, मला बघितलं. मिशाल ओरडला, "बोल! माझ्या बापाची पाखरं कुठे विकतोस?"

इस्मतचं तोंड उघडलं. काहीतरी सांगणार होता तो, हे मी कसम घेऊन सांगतो. तेवढ्यात कोपऱ्यातून बाबा म्हणाले, "इस्मत? माझे पक्षी विकलेस तू?"

आवाजात राग नव्हता. लागलेलं होतं म्हाताऱ्याला.

इस्मतने त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली मान घातली आणि म्हणाला, "हो बाबा. चूक झाली. माफ करा."

झालं. चोराने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, मग माझं चुकलं कुठे? मिशालने तिथल्या तिथे सांगितलं, मंगळवारच्या विमानाने घरी. माझ्या पाठीवर थाप मारली. "उस्मान, तू खरा माणूस." मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण हायसंच वाटलं.

मंगळवारी सकाळी सफूराने त्याला डबा दिला आणि पदराने डोळे पुसले. माझ्याशी ती दोन दिवस बोलत नव्हती. इस्मत बॅग घेऊन माझ्यासमोर आला. वाटलं, शिव्या देईल. तो म्हणाला, "शुक्रवारी बाबांबरोबर आता तुम्ही जाल ना?"

"मिशालने सांगितलंय."

"त्यांच्या पाठीमागे उभे राहा, डाव्या अंगाला. बाजूला नका राहू, धोक्याचं आहे. आणि मामू, पिशवी रिकामी नेऊ नका."

असा संताप आला मला! जाता जाता मलाही आपल्या धंद्यात ओढतोय. "तुझी अक्कल तुझ्याजवळ ठेव," मी म्हणालो. "मी केसांना कलप लावतो म्हणून मला पोर समजू नकोस."

तो हसला नाही. गाडीत बसला आणि गेला. तिकडून माझ्या बहिणीचा फोन आला, तीही रडली आणि मला नको नको ते बोलली. मी म्हणालो, आपा, तुझ्या मुलाने आपल्या तोंडाने कबूल केलंय.

शुक्रवार आला. मिशालची टोळी ससाणे घेऊन रानात गेली. त्या दिवशी भात शिजवायला दुसरा माणूस होता. मी सुरी घेऊन बाबांच्या मागे उभा राहिलो, डाव्या अंगाला. ऐकायचं नाही म्हणालो तरी तेवढं ऐकलं. सकाळचं ऊन चांगलं वर आलं होतं, लसूणघासावर पाणी फिरून गेलेलं. भुर्र झालं आणि लावा उडाला. बाबांनी बंदूक उचलली, बार काढला. मी झुडपाकडे धावलो, वाकून बघितलं, फांद्या बाजूला केल्या. काही नाही. एक पीस नाही.

परत आलो. बाबांनी हात पुढे केला होता, तळवा वर.

"सापडला नाही, बाबा. आत घुसला बहुतेक."

"हं," ते म्हणाले. हात मागे घेतला.

दुसरा बार. पुन्हा काही नाही. तिसरा, चौथा. मला आधी वाटलं, आज म्हाताऱ्याचं मन लागत नाहीये, इस्मतच्या आठवणीने नेम चुकतोय. पाचव्या वेळी लावा डावीकडून उठला. मी डोळ्यांनी बघितला. बाबांची बंदूक उजवीकडे वळली आणि त्यांनी रिकाम्या आभाळात बार काढला.

मी जागच्या जागी थांबलो. धावलोच नाही.

तेवढ्यात एक लावा शेतातून चालत बाहेर आला. उघड्या मातीवर, आमच्यापासून दहा पावलांवर. मातीत टोचत, थांबत, आरामात चालला होता. बाबा सरळ त्याच्याकडेच तोंड करून उभे होते. त्यांची नजर त्याच्यावर आली आणि त्याच्यावरून पुढे गेली. पापणीही हलली नाही. पाखरू चालत गेलं आणि बाबा भुर्र ऐकू यायची वाट बघत उभे राहिले.

या अल्ला, मी काय करून बसलो! पुढे चालायचं जिन्यावर, पेला तळव्यात द्यायचा, आलेल्याचं नाव कानात सांगायचं, आणि मी त्याला मस्का म्हणत होतो. या माणसाला दिसत नव्हतं. आणि इस्मत दर शुक्रवारी जाकिटात जिवंत पाखरं घालून आणत होता, झुडपामागे गळ्यावर सुरी फिरवत होता आणि गरम पाखरू म्हाताऱ्याच्या तळव्यात ठेवत होता. कापलेला गळा सगळ्यांचाच असतो, त्यामुळे छऱ्याची भोकं कुणी शोधलीच नाहीत. शोधली फक्त मी.

आणखी दोन बार झाले. मी दोन्ही वेळा धावल्यासारखं केलं आणि रिकाम्या हाताने परत आलो. मग बाबांनी बंदूक खाली केली, चाचपडत घडीची खुर्ची शोधली आणि बसले.

"इस्मतला सगळे सापडायचे," ते म्हणाले.

मी सुरी म्यानात घातली.

"उस्मान, तू म्हणालास, तो दुकानातले पक्षी आणून माझे विकायचा. कुणाला विकायचा?"

"ठाऊक नाही, बाबा."

"विकताना बघितलंस?"

"नाही."

"आज किती बार काढले मी?"

"सात."

लांबून मिशालच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, त्यांना हुबारा दिसला असावा. मग बाबांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "त्या सगळ्यांतले माझे किती होते? या हंगामातले. खरं सांग."

काय सांगायचं मी? सगळे तुमचेच होते म्हणालो तर म्हातारा सुखात राहील, पण माझा भाचा जन्मभर चोर. नव्हते म्हणालो तर भाचा सुटेल, पण या माणसाचं काय उरेल? इस्मत त्या दिवशी मजलिसमध्ये याच जागी उभा होता, तेव्हा तोंड उघडून मिटलं होतं त्याने. त्याला निवडायला जेवढा वेळ लागला तेवढाही मी घेतला नाही. माझ्या छातीवर धोंडा होता आणि मला तो आत्ताच्या आत्ता उतरवायचा होता. भाच्यासाठी बोललो असं मी सगळ्यांना सांगतो, पण आधी स्वतःसाठी बोललो.

"एकही नाही, बाबा," मी म्हणालो. "इस्मत चोर नव्हता. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तो आणायचा."

बाबांनी बंदूक मोडून उघडली. आतली दोन काडतुसं बोटांनी काढली, एकेक करून माझ्या हातात दिली. "मला वाटायचं, माझा हात अजून..." म्हणाले आणि थांबले. मग उठले. "गाडीपर्यंत ने मला." त्यांनी माझं कोपर धरलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

त्याच दुपारी त्यांनी मिशालला सगळं सांगितलं, माझ्यासमोर, काही न लपवता. इस्मतला परत बोलवायचं, नवा व्हिसा काढायचा, त्याची माफी मागायची. मिशालने त्यांना रियाधला डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. बंदूक मिशालच्या कपाटात गेली. पुढच्या शुक्रवारी गाड्या निघाल्या तेव्हा बाबा मजलिसमध्ये आपल्या कोपऱ्यातच होते, टीव्हीचा आवाज मोठा करून. मी त्यांना जाकीट आणून दिलं, त्यांनी ते घडी घालून बाजूला ठेवलं. भात त्या दिवशी विकतच्या कोंबडीचा झाला. पाहुण्यांपैकी कुणी काही विचारलं नाही.

तरीही मी खुशीत होतो, खोटं कशाला बोलू. चूक केली, पण निस्तरली की नाही? सफूराही पुन्हा बोलायला लागली होती. व्हिसाचे कागद निघाले तशी मी म्हसळ्याला फोन लावला. "इस्मत, तयारी कर! सगळं साफ झालं. बाबांनी स्वतः सांगितलंय, तू चोर नाहीस. मिशाल माफी मागणार आहे तुझी."

तिकडून त्याने विचारलं, "बाबांना कसं कळलं?"

"मी सांगितलं. त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगून टाकलं. तुझ्यासाठी."

"शुक्रवारी ते शेतावर गेले होते का?"

"नाही. आता नाही जात."

"आणि बंदूक?"

"मिशालकडे दिली."

पलीकडे त्याच्या मुली कशावरून तरी भांडत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

"मामू," इस्मत म्हणाला, "चोर म्हणून मी निघालो, ते बाबांचं एवढं एक राहावं म्हणूनच ना? गावात तोंड लपवून बसलोय, आई माझ्याशी धड बोलत नाही, ते चाललं असतं मला. मी ठरवून आलो होतो तसं. आता तेही गेलं आणि मीही आलोच. मग मी आलो कशाला?"

मी म्हणालो, "अरे, पण तुझ्यावरचा डाग पुसला ना."

"तो मी मागितला होता का पुसून?" तो म्हणाला. "मी नाही येणार. त्यांच्यासमोर उभा राहून काय सांगू, की मी तुम्हाला हंगामभर फसवलं?" आणि त्याने फोन ठेवला.

मी फोन हातात घेऊन मजलिसच्या दारात आलो. बाबांनी पावलांचा आवाज ओळखला आणि टीव्ही बारीक केला.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं. "कधी येतोय?"